जिवाणू आपले काम करतील, माणसांचे काय?

७ ऑगस्ट २०१० चा तो शनिवार. नारळी पौर्णिमा अवघ्या अडीच आठवड्यांवर आली होती. कोळीवाड्यांत होड्यांची डागडुजी आणि जाळ्यांची तयारी सुरू होती. त्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही दोन मालवाहू जहाजे एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ एका अंगावर कलंडले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि जहाजाच्या टाक्यांतील सुमारे ८०० टन इंधनतेल पाण्यावर पसरले. भरतीच्या लाटांनी ते तेल मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यांवर, तिवरांच्या जंगलांत आणि खाड्यांच्या चिखलात नेऊन टाकले. मुंबईकरांनी मासळीकडे पाठ फिरवली. ज्या मच्छीमारांचा या अपघाताशी काडीइतकाही संबंध नव्हता, त्यांच्या हंगामावर मात्र तेलाचे सावट पडले.

वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरून ही बातमी काही दिवसांत उतरली. तेल मात्र तितक्या सहजी उतरले नाही. वाळूवरचा तवंग माणसे आणि यंत्रे गोळा करू शकतात. पण चिखलात मुरलेले आणि तिवराच्या मुळांना चिकटलेले तेल फावड्याने निघत नाही. तेथे दुसऱ्याच कामगारांना पाचारण करावे लागते. तसे ते करण्यात आले. दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेने विकसित केलेले तेलभक्षक जिवाणूंचे मिश्रण या किनाऱ्यांच्या सफाईसाठी वापरण्यात आले. डोळ्यांना न दिसणारे, संप न करणारे आणि कोणाकडे वेतन न मागणारे हे कामगार भारतीय मातीतूनच शोधून काढलेले होते, ही गोष्ट त्या गदारोळात फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

या अदृश्य कामगारांविषयी आज दोन टोकांची मते ऐकू येतात. निसर्ग आपली जखम आपणच भरून काढतो, माणसाने कशाला लुडबुड करावी, असे एक मत. बाजारातून जिवाणूंची पोती आणून टाकली की प्रदूषणाचा प्रश्न मिटला, हे दुसरे. पहिल्या मतात आळस आहे आणि दुसऱ्यात पळवाट. वास्तव या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय प्रदूषित जमिनींचा आणि नद्यांचा प्रश्न सुटणार नाही.

तेल हेही अन्नच

खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांचेच अवशेष. कार्बन आणि हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांच्या लहानमोठ्या साखळ्या आणि कडी यांनी ते बनलेले असते. म्हणून त्यातील संयुगांना हायड्रोकार्बन म्हणतात. माणसाने विहिरी खोदण्याच्या कितीतरी आधीपासून हे तेल समुद्रतळाच्या भेगांतून आणि जमिनीच्या फटींतून पाझरत आले आहे. जेथे अन्न तेथे खाणारा, हा सृष्टीचा नियम आहे. त्यामुळे तेलावर जगणाऱ्या जिवाणूंची घराणीच्या घराणी पृथ्वीवर नांदत आली आहेत.

त्यांची कामाची पद्धत मोठी शिस्तबद्ध आहे. तेल पाण्यात विरघळत नाही, ही पहिली अडचण. त्यावर उपाय म्हणून अनेक जिवाणू साबणासारखा एक पदार्थ स्रवतात. त्याने तेलाचे बारीक थेंब होतात आणि जिवाणूंना त्यांच्यापर्यंत पोहोचता येते. मग जिवाणूंच्या शरीरातील विकर हवेतील प्राणवायूचा एक अणू तेलाच्या साखळीच्या टोकाला जोडते. एवढे झाले की त्या निगरगट्ट साखळीला जणू मूठ बसते. तिचे रूपांतर अल्कोहोलमध्ये, पुढे मेदाम्लात होते आणि मग दोन-दोन कार्बनचे तुकडे कापले जाऊन अखेरीस उरतात कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जिवाणूंची वाढलेली प्रजा.

सगळे तेल मात्र सारखे नसते. त्यातील सरळ साखळ्या लवकर पचतात. बेंझीनसारखी कडी असलेली संयुगे पचायला जड. अशी अनेक कडी एकमेकांना जोडलेली असली तर त्याहून जड, आणि त्यांतील काही माणसाच्या आरोग्याला फार घातक. डांबरासारखा जो घट्ट भाग असतो तो सर्वांत चिवट. त्याच्यापुढे जिवाणूही बराच काळ हतबल होतात. (आपल्या रस्त्यांवरील खड्ड्यांचा दोष त्यामुळे जिवाणूंच्या माथी मारता येत नाही!)

कोणताही एकच जिवाणू हा सगळा पसारा आवरू शकत नाही, ही यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. एक जात साखळ्या तोडते, दुसरी कड्यांना हात घालते, तिसरी या दोघींनी टाकून दिलेल्या अर्धवट पदार्थांवर जगते. मुंबईचा अपघात झाला त्याच वर्षी, २० एप्रिल २०१० रोजी, मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटाचा स्फोट झाला. ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि समुद्रतळाच्या विहिरीतून ८७ दिवस तेल वाहत राहिले. त्यातील बरेचसे तेल आणि वायू हजार मीटरहून खोल, सुमारे पाच अंश तापमानाच्या काळोख्या पाण्यात ढगासारखे तरंगत होते. शास्त्रज्ञांनी त्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यांना एक विलक्षण क्रम दिसला. आरंभी साखळ्यांवर जगणाऱ्या जिवाणूंच्या एका गटाने तेथे जवळजवळ एकछत्री राज्य केले. काही आठवड्यांनी ते ओसरले आणि त्यांच्या जागी कड्या फोडणारे दुसरे गट आले. त्यांच्यामागून मिथेनच्या उष्टावळीवर जगणारे तिसरे आले. पालखीचे भोई खांदा बदलतात तसा हा खांदेपालट होता. त्या आखाताच्या तळातून नैसर्गिक तेल सतत पाझरत असल्याने ही सेना तेथे आधीच वस्तीला होती. संकट येताच ती वाढली.

एका ‘महाजिवाणू’ची गोष्ट

सामूहिक कामाचे हे रहस्य कळण्यापूर्वी विज्ञानाने एकट्या पराक्रमी वीराचा शोध घेऊन पाहिला होता, आणि तो घेणारा संशोधक भारतीय वंशाचा होता. बंगालमधील सैंथिया या गावी १९३८ मध्ये जन्मलेले डॉ. आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करीत होते. वेगवेगळ्या जिवाणूंमध्ये तेलाचे वेगवेगळे घटक पचवणारी जनुके असतात, हे ओळखून त्यांनी अशी चार प्रकारची जनुकसंपदा एकाच जिवाणूत एकत्र आणली. १९७२ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज करण्यात आला. सजीवाचे पेटंट कसे द्यायचे, हा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. जगातील जैवतंत्रज्ञान उद्योगाची पायाभरणी ज्या मोजक्या निकालांनी झाली त्यांत याची गणना होते. २०२० मध्ये डॉ. चक्रवर्ती निवर्तले.

मात्र ज्या कामासाठी तो जिवाणू घडवला गेला, त्या तेलगळतीच्या सफाईसाठी तो कधी मोकळ्या समुद्रात सोडला गेला नाही. प्रयोगशाळेत घडवलेला जीव निसर्गात सोडावा का, ही भीती तर होतीच. शिवाय प्रयोगशाळेतील सुखवस्तू जिवाणू रणरणत्या मातीत किंवा खाऱ्या पाण्यात, तेथील मूळ रहिवाशांशी स्पर्धा करून टिकेल का, हाही प्रश्न होता. चक्रवर्तींची प्रतिभा वादातीत आहे. परंतु पुढील संशोधनाने वळण घेतले ते एकट्या वीराकडून समूहाकडे.

प्रयोगशाळेतून तेलगाळाच्या शेतात

हा समूहाचा मार्ग भारतात ज्यांनी निष्ठेने चोखाळला त्यांत टेरीमधील डॉ. बनवारी लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम अग्रभागी आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने त्यांनी देशातील तेलाने माखलेल्या जागांवरून जिवाणू गोळा केले, त्यांतून निवडक जातींचा एक संच बांधला आणि मक्याच्या बुरकुंडांच्या भुकटीवर तो वाढवून पिशव्यांत भरला. ‘ऑइलझॅपर’ या नावाने तो ओळखला जातो. मक्याचे दाणे काढल्यावर उरणारे बुरकुंड चुलीत जाते किंवा उकिरड्यावर. तेच या जिवाणूंचे घर झाले. पुढे ओएनजीसी आणि टेरी यांनी मिळून या कामासाठी एक संयुक्त कंपनीही स्थापन केली.

या संशोधनाचा एक अहवाल २००१ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका प्रतिष्ठित आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे बोलके आहेत. एका तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आवारात तेलगाळाने माखलेली जमीन होती. एक ग्रॅम चांगल्या मातीत एकूण जिवाणूंची संख्या कोटींच्या घरात असते. येथे तेल पचवू शकणारे जिवाणू ग्रॅममागे केवळ हजार ते दहा हजार उरले होते. शास्त्रज्ञांनी आधी सहा वेगवेगळे उपचार लहान प्रमाणावर करून पाहिले. त्यांतून जिवाणूंचा संच आणि पोषकद्रव्ये एकत्र देण्याचा उपाय सरस ठरला. मग मोठ्या प्रमाणावर दोन तुकड्यांना तो उपचार दिला आणि तिसरा तुकडा तुलनेसाठी तसाच ठेवला. एका वर्षानंतर उपचार केलेल्या तुकड्यांतील ९२ आणि ८९.७ टक्के तेल नाहीसे झाले होते. निसर्गाच्या भरवशावर सोडलेल्या तुकड्यात नाहीसे झाले केवळ १४ टक्के.

‘निसर्ग आपले पाहून घेईल’ असे म्हणणाऱ्यांनी हा तिसरा तुकडा डोळ्यांसमोर ठेवावा. निसर्ग पाहून घेतो हे खरे. पण त्याच्या घड्याळाने. त्या घड्याळाचा काटा फिरेपर्यंत शेजारच्या विहिरीचे पाणी प्यायचे कोणी, याचे उत्तर निसर्ग देत नाही.

विरजण आणि दूध

मग जिवाणूंची पोती टाकली की झाले, असे म्हणावे काय? तसेही नाही. कोणत्याही मराठी गृहिणीला हे विज्ञान वेगळे शिकवावे लागणार नाही. विरजण कितीही चांगले असो, दूध फ्रीजमधून काढलेले थंडगार असेल किंवा उकळते असेल, तर दही लागत नाही. शेतकऱ्यालाही ते ठाऊक आहे. पेरणीपूर्वी रायझोबियमचे पाकीट बियाण्याला चोळले, पण पाकीट मुदत संपलेले असेल किंवा जमिनीत ओल नसेल, तर गाठी धरत नाहीत.

तेलभक्षक जिवाणूंचेही असेच आहे. तेलात कार्बन भरपूर असतो. पण शरीर बांधायला जिवाणूंना नत्र आणि स्फुरदही लागते. साधारणपणे कार्बनच्या शंभर भागांमागे दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद, असा ठोकताळा तज्ज्ञ सांगतात. शिवाय हवा हवी, ओल हवी, ऊब हवी. म्हणून तेलगाळाच्या जमिनीवर जिवाणू पसरल्यानंतर ती शेतासारखी नांगरावी लागते, तिला पाणी आणि खत द्यावे लागते, महिनोन्‌महिने तिची नाडी तपासावी लागते.

हवेचे महत्त्व किती, याचा धडा अलास्काने दिला. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ हे जहाज तेथील प्रिन्स विल्यम साउंड या आखातात खडकावर आदळले आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल सांडले. किनाऱ्यावर खत फवारून तेथल्याच जिवाणूंना चेतवण्याचा प्रयोग झाला आणि फवारलेल्या भागात तेल अधिक वेगाने पचले. या यशाचे जगभर कौतुक झाले. पण वीस वर्षे उलटल्यावरही काही ठिकाणी गोट्यांच्या थराखाली जुने तेल तसेच सापडत होते. त्या खालच्या थरापर्यंत पुरेसा प्राणवायू आणि पोषण पोहोचतच नव्हते. तेल होते, जिवाणूही होते, श्वास नव्हता.

आणखी दोन मर्यादा प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. तेलाची साखळी तोडता येते. शिसे, क्रोमियम, निकेल यांसारखे धातू तोडता येत नाहीत. जिवाणू फार तर त्यांचे रूप बदलतात, त्यांना धरून ठेवतात. नाहीसे करू शकत नाहीत. कारखान्याच्या गाळात तेल आणि धातू दोन्ही असतील तर एकट्या जिवाणूंवर विसंबणे ही फसवणूक ठरेल. दुसरी मर्यादा सुरक्षिततेची. वर उल्लेखलेल्या प्रयोगात वापरलेले जिवाणू ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी या जातीचे होते. याच जातीचे काही भाऊबंद रुग्णालयांत चिवट संसर्ग पसरवण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. याचा अर्थ मातीतला प्रत्येक भाऊबंद घातक असतो असा नाही. परंतु पिशवीत नेमके कोण आहे, त्याची तपासणी कोणी केली, हे पिशवीवर छापलेले असावे, एवढी अपेक्षा रास्तच आहे. आज ‘जादुई बॅक्टेरिया’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्यांना सुकाळ आला आहे. खऱ्या संशोधनाची प्रतिष्ठा अशा भुकट्यांच्या गर्दीत हरवू देता कामा नये.

सांडपाण्यातील मूक श्रमिक

जमिनीपेक्षाही रोजचा संबंध येतो तो सांडपाण्याचा. मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये सांडपाण्यात हवा खेळवून जिवाणूंचा गाळ वाढवण्याची पद्धत जगापुढे मांडली. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आजही बहुतेक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचा आत्मा तोच आहे. कारखान्याच्या तेलकट पाण्यातील मोकळे तेल आधी टाकीत वर तरंगू देऊन निथळून घेतले जाते. सूक्ष्म थेंब हवेच्या बुडबुड्यांनी वर आणून काढले जातात. आणि जे विरघळलेले उरते ते एरेशन टँकमध्ये जिवाणूंच्या स्वाधीन होते. या टाकीत लिटरमागे तीन-चार ग्रॅम जिवंत गाळ असतो. त्याला चोवीस तास हवा लागते.

येथेच माणसाच्या नियतीची परीक्षा होते. हवा खेळवणाऱ्या यंत्रांना वीज लागते आणि प्रक्रिया केंद्राच्या खर्चात विजेचे बिल हा मोठा भाग असतो. पाहणीचा दिवस सोडून ही यंत्रे बंद ठेवण्याचा मोह आवरणे कठीण जाते. दुसरा प्रकार याहून वाईट. अनेक कारखान्यांचे पाणी ज्या सामुदायिक केंद्रात येते, तेथे एखादा कारखाना रात्रीच्या अंधारात ॲसिड किंवा विषारी द्रव्य सोडून देतो. सकाळपर्यंत टाकीतील जिवाणूंचा संसार उद्ध्वस्त झालेला असतो. तो पुन्हा उभा राहायला दिवस, कधी आठवडेही लागतात. आणि तोवर प्रामाणिक कारखान्यांचे पाणीसुद्धा अर्धवट शुद्ध होऊन नदीत जाते. एका चोराने रात्री केलेल्या पापाची शिक्षा नदीकाठचा शेतकरी आणि खाडीतला मच्छीमार भोगतो.

नियमांत मर्यादा घालून दिलेल्या आहेत. नदी-नाल्यांत सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत असावे, असे सर्वसाधारण मानक आहे; तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी ते ५ मिलिग्रॅम इतके कडक आहे. आकडे उत्तम आहेत. पण आकडा कागदावर पाळला गेला की टाकीत, हे सांगणारा खरा साक्षीदार टाकीतला जिवाणू असतो, आणि त्याची साक्ष काढायला रात्री दोन वाजता कोणी जात नाही.

उद्योगांच्या बाजूचाही विचार केला पाहिजे. कारखाने बंद करा, ही घोषणा देणे सोपे आहे. पण त्या कारखान्यांवर हजारो घरांच्या चुली पेटतात. लहान उद्योजकाला स्वतंत्र प्रक्रिया यंत्रणा परवडत नाही, हेही खरे. म्हणूनच तर जैविक उपचारांचे मोल अधिक. तेलगाळ जाळण्यासाठी इंधन लागते, पुरण्यासाठी जागा लागते आणि पुरलेला गाळ पुढच्या पिढीच्या माथी बसतो. जिवाणूंचा मार्ग संथ असला तरी तो प्रश्न पुढे ढकलत नाही, संपवतो. मात्र त्यासाठी जो शिस्तीने वागतो त्याला संरक्षण आणि जो रात्री चोरून सोडतो त्याला जबर दंड, हा भेद शासनाला करता आला पाहिजे.

नियम आले, मुदत कुठे आहे?

प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच निःसंदिग्धपणे स्वीकारले. प्रदूषित जमिनींसाठी स्वतंत्र नियम मात्र यायला त्यानंतर जवळजवळ तीन दशके लागली. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्या वेळी देशात अशी १०३ स्थळे निश्चित झालेली होती आणि त्यांपैकी केवळ सात ठिकाणी प्रत्यक्ष शुद्धीकरणाचे काम सुरू झालेले होते.

या नियमांचे स्वागतच केले पाहिजे. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यावी, त्यांची प्राथमिक तपासणी ९० दिवसांत व्हावी, पुढील तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण व्हावे, दोषी कोण हे निश्चित करून खर्च त्याच्याकडून वसूल करावा, अशी साखळी त्यांत आहे. तपासणीला मुदत आहे, दोषी शोधण्यालाही मुदत आहे. नाही ती नेमकी जमीन स्वच्छ करून देण्याला. रोगनिदानाची तारीख ठरलेली आणि उपचाराची मोकळी, असा हा प्रकार आहे. शिवाय समुद्रातील तेलप्रदूषण या नियमांच्या कक्षेबाहेर आहे. त्यासाठी वेगळे कायदे आहेत असे त्याचे कारण. पण भरतीबरोबर तेल तिवरांत शिरले की समुद्राचा कायदा कोठे संपतो आणि जमिनीचा कोठे सुरू होतो, हे चिखलात उभ्या असलेल्या मच्छीमाराला कोण समजावून सांगणार?

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. शुद्धीकरण पूर्ण करण्याची मुदत प्रत्येक स्थळासाठी जाहीर व्हावी. किती पोती जिवाणू टाकले यावर ठेकेदाराचे बिल मंजूर न होता, मातीत किती तेल उरले यावर व्हावे. आणि तुलनेसाठी एक तुकडा उपचाराविना राखून ठेवावा, म्हणजे यश जिवाणूंचे की पावसाने धुऊन नेल्याचे, हे कळेल. सामुदायिक प्रक्रिया केंद्रांतील हवायंत्रांचा वीजवापर आणि टाकीतील प्राणवायूचे मोजमाप नागरिकांना पाहता येईल असे खुले असावे. नागपूरची ‘नीरी’ ही संस्था १९५८ पासून पर्यावरण अभियांत्रिकीत काम करीत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात हजारोंनी सूक्ष्मजीव जतन करून ठेवलेले आहेत. असे ज्ञानभांडार दाराशी असताना महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींनी परदेशी भुकट्यांच्या जाहिरातींना भुलावे, यासारखे दुर्दैव नाही.

दाराशी सांडलेले तेल

आणि शेवटी सामान्य नागरिकाचा वाटा. मोठी जहाजे आणि मोठे कारखाने यांच्याकडे बोट दाखवताना गावच्या नाक्यावरील गॅरेजकडे दुर्लक्ष होते. गाडीचे जळके ऑइल बदलले की ते कोठे जाते, हे किती जण विचारतात? कोठे ते गॅरेजमागच्या मातीत मुरते, कोठे गटारात जाते. या तेलात इंजिनच्या झिजेतले धातूही असतात, जे कोणताही जिवाणू पचवू शकत नाही. एप्रिल २०२४ पासून वंगणतेल विकणाऱ्या उत्पादकांवरच वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकण्यात आली आहे. पण ते तेल गॅरेजमधून गोळा झाले तरच ही जबाबदारी कागदावरून जमिनीवर उतरेल. गाडी दुरुस्तीला देताना ‘जुने ऑइल कोणाला देता?’ एवढा एक प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारला, तरी पुष्कळ काम होईल. ग्रामपंचायतीने गॅरेजवाल्यांकडून जळके ऑइल पिंपात जमवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवण्याची व्यवस्था केली, तर त्याला मोठ्या निधीचीही गरज नाही. शाळेतील विज्ञानमंडळांना तर यात उत्तम प्रयोग सापडेल: तेल मिसळलेल्या मातीच्या दोन कुंड्या, एकीला शेणखत, पाणी आणि मशागत, दुसरीला काहीच नाही, आणि काही महिन्यांनी दोहोंत मूग पेरून पाहायचे. कोणत्या कुंडीत अंकुर जोमाने येतो, हे पाहिलेला विद्यार्थी मोठेपणी गटारात तेल ओतणार नाही.

जिवाणू पक्ष पाहत नाहीत, पद पाहत नाहीत, प्रसिद्धी मागत नाहीत. तेल जहाजाचे की कारखान्याचे, याची ते चौकशी करीत नाहीत. त्यांना हवे असते थोडे पोषण, पुरेसा श्वास आणि वेळ. एकेकटा जिवाणू दुबळा असतो. परस्परांना पूरक होऊन, खांदा बदलत काम करणारा त्यांचा समूह मात्र डोंगराएवढे तेल पचवतो. त्यांच्याकडून घेण्यासारखा धडा हाच आहे. संशोधकाने संच बांधला, उद्योजकाने हवायंत्र चालू ठेवले, अधिकाऱ्याने मुदत पाळली आणि नागरिकाने प्रश्न विचारला, तर काळवंडलेली जमीन पुन्हा पिकेल आणि खाडीतील मासळी पुन्हा विश्वासाने ताटात येईल. यांतील एकानेही आपला खांदा काढून घेतला, तर वर्षानंतर हाती उरेल तो तिसरा तुकडा: शंभरातले चौदा गेले, शहाऐंशी तसेच.